विषारी फवारणी आणि मजुराचा हक्क

कपाशी कमरेच्या वर वाढली, आभाळ भरून आलें आणि पानांखालीं किडीची वस्ती दिसूं लागली, म्हणजे आमच्या गांवोगांवीं एकच धांदल उडते. कृषि सेवा केंद्रांपुढें गर्दी होते, पाण्याचीं पिंपें बांधावर जाऊन पडतात आणि पाठीवर पंप घेऊन मजूर शेतांत शिरतात. कोणत्या किडीवर कोणतें औषध व किती पाण्यांत किती मात्रा, ही माहिती आमचे वाचक आवडीनें वाचतात. परंतु जो हात तें औषध पाण्यांत ढवळतो आणि जें नाक त्याचा वास दिवसभर सोसतें, त्या हाताचा व नाकाचा हक्क कोणता, हा प्रश्न शेतकीच्या पानांवर क्वचितच निघतो. तो आज काढण्याचें आम्हीं योजिलें आहे. प्रश्न थोडा अप्रिय आहे. कारण त्याचें उत्तर देण्याची पाळी बहुतांशीं आमच्यावरच, म्हणजे मजूर लावणाऱ्या शेतकऱ्यांवरच येते.

सन २०१७ च्या पावसाळ्यांत यवतमाळ जिल्ह्यांत जें घडलें तें वाचकांच्या स्मरणांत असेल. त्या हंगामांत कपाशी पुरुषभर उंच व दाट वाढली होती. बोंडअळीपासून निर्धास्त राहतां येईल म्हणून जें बियाणें पेरलें होतें, त्यावरहि गुलाबी अळी पडली होती. धास्तावलेले शेतकरी दोन-दोन, तीन-तीन औषधें एका पिंपांत मिसळून फवारीत होते. पीक डोक्याइतकें, हवा दमट, आणि फवारा पानावर न बसतां तोंडावर येणारा. अशा स्थितींत जुलै ते ऑक्टोबर या अवधींत त्या एका जिल्ह्यांत वीसच्या आसपास माणसें विषबाधेनें दगावलीं आणि शेंकडों माणसें रुग्णालयांत पडलीं. मेलेल्यांत स्वतःचें शेत फवारणारे शेतकरी होते, तसेच दुसऱ्याच्या शेतांत रोजावर फवारणारे भूमिहीन मजूरहि होते. सरकारनें विशेष चौकशी पथक नेमलें, मृतांच्या कुटुंबांस २ लाख रुपयांचें साहाय्य जाहीर केलें, आणि नोव्हेंबरमध्यें पश्चिम विदर्भाच्या पांच जिल्ह्यांत पांच कीटकनाशकांच्या विक्रीस ६० दिवसांची बंदी घातली. १९६८ च्या कीटकनाशक कायद्यानें राज्य सरकारास कायमची बंदी घालण्याचा अधिकार दिलेला नाहीं, म्हणून ती बंदी मुदतीचीच राहिली.

मजुरांनीं काळजी घेतली नाहीं, असें एक वाक्य त्या दिवसांत सर्वत्र ऐकूं येत होतें. आम्हींहि तें कोठें तरी उच्चारलें असेल. पुढें आमच्याच परिसरांत एक प्रसंग घडला, तेव्हांपासून तें वाक्य आमच्या तोंडीं येत नाहीं. नांवें सांगण्याचें प्रयोजन नाहीं. दुपारीं एकाच्या सुमारास एक मजूर पंप उतरवून बांधावर बसला व डोळ्यांपुढें धुकें येत असल्याचें सांगूं लागला. मालक म्हणाला, “चारच पंप उरले आहेत. तेवढे उरकून टाक, मग लिंबाचें पाणी घे आणि घरीं जा.” मजुरानें चार पंप उरकले, लिंबाचें पाणी घेतलें, आणि दिवेलागणीला त्यास शुद्ध हरपलेल्या स्थितींत तालुक्याच्या रुग्णालयांत न्यावें लागलें. तो वांचला. मात्र तीन आठवडे त्यास काम करवलें नाहीं. त्या तीन आठवड्यांचा रोज त्यास कोणीं दिला नाहीं, औषधपाण्याचा खर्च त्याच्या बायकोनें उसनवारीनें भागविला, आणि तो बरा होऊन आला तेव्हां फवारणीचा हंगाम संपला होता. येथें ध्यानांत घेण्यासारखी गोष्ट ही कीं तो मालक दुष्ट मनुष्य नव्हे. आमच्या सभांना तो नियमितपणें येतो आणि आमच्या शेजारींच बसतो. लिंबाचें पाणी दिलें म्हणजे आपलें कर्तव्य झालें, असें त्यास मनापासून वाटलें. आणि मजुरासहि तसेंच वाटलें. एकास देणें लागतें व दुसऱ्यास येणें आहे, ही कल्पनाच दोघांस नव्हती.

त्या चार पंपांत काय होतें हें प्रथम समजून घेतलें पाहिजे. सेंद्रिय फॉस्फरसयुक्त वर्गाचीं औषधें शरीरांतील कोलिनएस्टरेज नांवाच्या द्रव्यास निकामी करितात. मज्जातंतूंचा निरोप स्नायूंस पोंचला कीं तो निरोप थांबविण्याचें काम हें द्रव्य करितें. तें निकामी झालें म्हणजे निरोप थांबतच नाहीं. मग तोंडास लाळ सुटते, घाम फुटतो, नजर अंधुक होते, ओकाऱ्या होतात, स्नायू आपोआप फडफडतात आणि अखेर श्वास कोंडतो. विष केवळ नाकातोंडावाटेंच शिरतें असेंहि नाहीं. गळक्या पंपानें पाठ भिजली तर त्या ओल्या सदऱ्यांतून व कातडींतून तें रक्तांत उतरतें. तोंडास फडकें बांधल्यानें पाठ कोरडी राहत नाहीं. दोन-तीन औषधें मिसळलीं म्हणजे डब्यावरच्या पत्रकांत सांगितलेला उताराहि अपुरा पडूं शकतो. कारण तें पत्रक एका औषधाचें असतें, मिश्रणाचें नसतें. म्हणून डोळ्यांपुढें धुकें येणें ही चार पंप उरकण्याची वेळ नव्हे, तत्क्षणीं काम थांबविण्याची वेळ आहे. नांगराचा बैल अडखळूं लागला कीं आम्ही जूं उतरवितों, त्यास सावलींत बांधितों, आणि त्या दिवशीं बैल आळशी झाला असें कोणी म्हणत नाहीं. मजुराच्या बाबतींत मात्र आमचा पहिला संशय त्याच्या आळसावर जातो.

आतां कायदा पाहूं. विष कारखान्यांत तयार होतें, दुकानांत विकलें जातें आणि शेतांत वापरलें जातें. तिन्ही ठिकाणीं विष तेंच. परंतु कायद्याची सावली कारखान्याकडून शेताकडे येतां येतां विरळ होत जाते. १९८४ च्या डिसेंबरांत २ व ३ तारखांच्या मधल्या रात्रीं भोपाळ येथील कारखान्यांतून जो वायु सुटला, तो कीटकनाशक बनविण्यासाठींच तेथें साठविलेला होता. हजारों माणसें प्राणास मुकलीं. त्या अनर्थानंतर १९८७ सालीं कारखाना कायद्यांत दुरुस्ती झाली. आपल्या कामांतील धोक्याची माहिती मागण्याचा, आणि जिवावरचा धोका समोर दिसतांच तो मालकाच्या नजरेस आणण्याचा स्पष्ट हक्क कामगारांस त्या दुरुस्तीनें मिळाला. १९९५ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ॲस्बेस्टॉसच्या कामगारांच्या प्रकरणांत याहून पुढें जाऊन, कामगाराचें आरोग्य व वैद्यकीय उपचार हा त्याच्या जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग आहे, असा निर्णय दिला. जुन्या कारखाना कायद्याची जागा २१ नोव्हेंबर २०२५ पासून व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिति संहिता, २०२० हिनें घेतली आहे. तिच्या १४ व्या कलमान्वयें कामगारास सुरक्षिततेविषयीं मालकाकडे माहिती मागतां येते. गंभीर इजा, मृत्यु वा आरोग्यास धोका तोंडावर आल्याची वाजवी भीति वाटल्यास तो मालकास व त्याच वेळीं निरीक्षकासहि तसें कळवूं शकतो. आणि मालकानें त्यावर तात्काळ उपाय योजावा लागतो.

परंतु ही संहिता सामान्यतः दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांस लागूं पडते. दोन मजूर लावून पांच एकर कपाशी फवारणारा शेतकरी तींत येत नाहीं. म्हणजे ज्या डब्यांत विष भरणाऱ्या कामगारास बोलण्याचा हक्क आहे, तोच डबा बांधावर फोडणाऱ्या मजुरास तो नाहीं. येथवर वाचून एखाद्या सभासदानें सुटकेचा निःश्वास टाकला असेल, तर त्यास आम्ही थोडें थांबावयास सांगतों. कायदा बांधावर विरळ होतो हें खरें; पण तो बांधावर अगदीं संपत नाहीं.

पहिली गोष्ट १९७१ च्या कीटकनाशक नियमांची. कीटकनाशक बनविणारा, वाहून नेणारा, विकणारा, इतकेंच नव्हे तर तें प्रत्यक्ष पिकावर मारणारा मनुष्यहि योग्य कपड्यांनीं सुरक्षित असला पाहिजे, असें ते नियम सांगतात. त्यांत अंगावरचा संरक्षक पोशाख, रबरी हातमोजे, चष्मा व बूट यांचा उल्लेख आहे. फवारणीच्या कामावरील माणसांची कामापूर्वीं व पुढें ठराविक काळानें वैद्यकीय तपासणी व्हावी, आणि सेंद्रिय फॉस्फरस किंवा कार्बामेट वर्गाचीं औषधें हाताळणाऱ्यांच्या रक्तांतील कोलिनएस्टरेजचें प्रमाण दरमहा पाहावें, असेंहि त्यांत आहे. सुरक्षिततेचें शिक्षण देण्याची जबाबदारी बनविणाऱ्यांवर व वितरकांवरहि टाकली आहे. विषबाधेचीं लक्षणें, प्रथमोपचार व उतारा सांगणारें पत्रक प्रत्येक डब्याबरोबर प्रादेशिक भाषेंतहि असलें पाहिजे. आमच्या वाचकांनीं प्रामाणिकपणें सांगावें कीं यांपैकीं कोणता नियम त्यांनीं आपल्या गांवीं पाळला गेलेला पाहिला आहे. पत्रक असतें, पण तें मालकाच्या घरीं खोक्यांतच राहतें आणि मजुराच्या हातीं नुसती उघडलेली बाटली येते.

दुसरी गोष्ट नुकसानभरपाईची, आणि ती आम्हां सर्वांच्या विशेष लक्षांत राहिली पाहिजे. शेतींत कीटकनाशकें फवारणें व धुरळणें या कामावरील मनुष्यास १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टांत नांवानिशीं स्थान मिळालें होतें. तो कायदा आतां सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० हींत सामावला गेला असून ती यादी तींतहि आहे. सेंद्रिय फॉस्फरसयुक्त द्रव्यांची विषबाधा हा तर व्यवसायजन्य रोगच गणला आहे. याचा व्यवहारी अर्थ असा कीं, आमच्या कामावर असतांना मजुरास विषबाधा झाली तर भरपाईचें दायित्व मालक या नात्यानें आमच्यावर येतें, आणि तें ठरवितांना मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाहीं. मजूर दारू प्याला होता, त्यानें सुरक्षेची आज्ञा बुद्ध्या मोडली, दिलेलें साधन मुद्दाम काढून टाकलें, अशा सबबी लहान दुखापतीच्या बाबतींत चालतात. मृत्यु किंवा कायमचें पूर्ण अपंगत्व आलें असतां त्याहि चालत नाहींत. मजुरानें काळजी घेतली नाहीं, हें वाक्य माणुसकीच्या दृष्टीनें जितकें अपुरें आहे तितकेंच कायद्याच्या दृष्टीनेंहि निरुपयोगी आहे.

तिसरी गोष्ट मळणीयंत्राची. मळणीयंत्रांत हात तुटण्याचे प्रकार वाढले तेव्हां १९८३ सालीं धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा स्वतंत्र कायदा झाला, आणि यंत्र बनविणारा, विकणारा व वापरणारा या सर्वांवर त्यानें बंधनें घातलीं. म्हणजे शेतांत कायदा येऊंच शकत नाहीं असें नाहीं. तुटलेला हात दिसतो म्हणून कायदा आला. रक्तांत उतरलेलें विष दिसत नाहीं म्हणून तो मागें राहिला.

या सर्वांत एक हक्क मात्र आमच्या कायद्यांत अजून नीट उतरलेला नाहीं, आणि तोच बांधावर सर्वांत मोलाचा आहे. तो म्हणजे धोका दिसतांच काम थांबवून बाजूस होण्याचा हक्क. वर सांगितलेलें १४ वें कलम कामगारास तक्रार करूं देतें; हत्यार खालीं ठेव, तुझा रोज बुडणार नाहीं, असें तें उघडपणें म्हणत नाहीं. आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेच्या १९८१ च्या करारांत मात्र जिवावरच्या धोक्यापासून दूर होणाऱ्या कामगारास त्याबद्दल शिक्षा होऊं नये असें म्हटलें आहे, आणि २००१ सालीं खास शेतीसाठीं झालेल्या करारांत शेतमजुरासहि तो हक्क दिला आहे. आमच्याकडे फवारणीची मजुरी पुष्कळ ठिकाणीं पंपामागें ठरते. जितके पंप तितके पैसे. अशा मजुरास वारा उलटला तरी थांबणें परवडत नाहीं, आणि आज नाहीं म्हटलें तर उद्यां बोलावणें येणार नाहीं ही भीति निराळीच. पोट ज्याच्या हातीं, त्याच्यापुढें हक्क उच्चारणें सोपें नाहीं. म्हणून हा हक्क मजुरानें मागण्याची वाट न पाहतां मालकानेंच आधीं बोलून दाखविला पाहिजे.

यावर आमचे कांहीं सभासद म्हणतील, “तुम्ही लहान शेतकऱ्यास कारखानदार करूं पाहतां. आमच्या कपाशीला भाव मिळत नाहीं, डोक्यावर कर्ज आहे, आणि पंप तर कित्येकदां आम्हीच पाठीवर घेतों. भरपाई आणावयाची कोठून ?” ही तक्रार खोटी नाहीं. जो स्वतः त्याच विषांत उभा राहतो त्यास केवळ मालक म्हणून हिणविण्याची आमची इच्छा नाहीं. परंतु ज्याच्यापाशीं पांच एकर आहेत त्यास हा बोजा झेपत नसेल, तर ज्याच्यापाशीं एक गुंठाहि नाहीं त्यानें तो आपल्या शरीरावर झेलावा, हें उत्तर होऊं शकत नाहीं. बोजा वांटून घेतला पाहिजे. राज्य सरकारच्या २०२३ पासूनच्या गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेंत खातेदार शेतकरी व त्याच्या कुटुंबांतील एक जण यांच्या अपघाती मृत्यूबद्दल २ लाख रुपये मिळतात, आणि कीटकनाशकाच्या विषबाधेचाहि तींत समावेश आहे. मात्र सात-बाऱ्यावर ज्याचें नांव नाहीं तो मजूर तींत नाहीं. एकाच शेतांत, एकाच दिवशीं, एकाच डब्यानें दोघे मेले तर एकाच्या घरीं साहाय्य येतें व दुसऱ्याच्या घरीं येत नाहीं. ही योजना फवारणी करणाऱ्या मजुरास लागूं व्हावी अशी मागणी प्रथम शेतकऱ्यांच्या संस्थांनींच केली पाहिजे. कारण तिनें मजुराचें घर सावरेल आणि शेतकऱ्यावर येणारें संकटहि हलकें होईल. संरक्षक कपडे व शिक्षण यांचा खर्च नियमांप्रमाणें बनविणाऱ्यांकडून व विक्रेत्यांकडून मागण्यासहि एकटा शेतकरी असमर्थ असला तरी संस्था समर्थ आहे.

तोंवर आम्हीं स्वतः काय करावें, याविषयीं आमच्या सूचना थोड्याच आहेत.

(१) संस्थेनें प्रत्येक गांवीं फवारणीच्या पोशाखाचे कांहीं संच ठेवावे व ते सभासदांस अल्प भाड्यानें द्यावे. जाड रबरी पोशाख आश्विनाच्या उन्हांत कोणासच सोसत नाहीं. म्हणून काम सकाळीं लवकर व उन्हें उतरल्यावर करावें आणि भर दुपारीं थांबवावें.

(२) डबा मजुरासमक्ष उघडावा व पत्रक त्यास वाचून दाखवावें. डब्यावरील त्रिकोणाचा रंग त्यास ओळखतां आला पाहिजे. तांबडा अतिशय विषारी, त्याखालोखाल पिवळा, मग निळा व शेवटीं हिरवा. हिरवा म्हणजे निरुपद्रवी नव्हे, हेंहि सांगावें.

(३) फवारणीची मजुरी पंपामागें न देतां दिवसावर द्यावी, आणि वारा सुटल्यामुळें अथवा प्रकृति बिघडल्यामुळें मजूर थांबला तर त्या दिवसाचा रोज कापूं नये. मनांत असेल तर हें काम सुरू होण्यापूर्वींच बोलून टाकावें.

(४) गळका पंप शेतांत नेऊं नये. पाणी वाहून आणणाऱ्या बायांनाहि हातमोजे द्यावे, आणि मुलांस त्या दिवशीं शेताकडे फिरकूं देऊं नये.

(५) चक्कर, ओकारी वा अंधुक नजर यांपैकीं कांहींहि दिसतांच कपडे उतरवून साबणानें अंग धुवावें व रोग्यास रुग्णालयांत न्यावें. डबा व पत्रक बरोबर न्यावें, म्हणजे उतारा ठरविण्यांत डॉक्टरांचा वेळ जाणार नाहीं. लिंबाचें पाणी हा उतारा नव्हे.

या सूचनांत नवल कांहींच नाहीं, आणि तिसरी खेरीज कोणतीहि फार खर्चाची नाहीं. तिसरीला मात्र थोडे पैसे पडतात. एखाद्या दिवशीं चार पंप उरतील, कदाचित् अळी एका कोपऱ्यांत दोन दिवस अधिक राहील. तो तोटा आम्हीं सोसावा काय, एवढाच या लेखाचा प्रश्न आहे. आमचें उत्तर असें कीं, तो सोसावा, आणि उपकार म्हणून नव्हे तर देणें म्हणून सोसावा. सावकाराचें देणें आम्ही फेडतों. दुकानदाराची उधारी दसऱ्याला चुकती करितों. मजुराचें हें देणें आजवर वहींत लिहिलेलेंच नव्हतें, इतकाच फरक.

पुढील हंगामापूर्वीं होणाऱ्या संस्थेच्या सभेपुढें या पांच सूचनांचा ठराव मांडण्याचा आमचा विचार आहे. ज्या सभासदांस तो अव्यवहार्य वाटत असेल त्यांनीं अवश्य यावें व विरुद्ध बोलावें. मात्र येतांना प्रत्येकानें आपल्या शेतांत गेल्या हंगामीं ज्यानें पंप पाठीवर घेतला त्या मजुरासहि बरोबर आणावें, आणि ठरावावर मत देण्यापूर्वीं त्यास आधीं बोलूं द्यावें.